आबांकडे जायच्या तीन वाटा

मे लागला की आमच्या लॅबमधलं काम सैल होतं. मे महिन्यात रक्त तपासून घ्यायला कुणाला वेळ नसतो, सगळे गावाला नाहीतर समुद्रावर. ठाण्यात ज्या इमारतीत आमची लॅब आहे तिच्या फाटकाशी एक म्हातारी येऊरकडची करवंदं घेऊन बसते. दुपारी कुणीतरी खाली जाऊन एक द्रोण आणतं. मग स्पिरिटच्या वासात करवंदांचा वास मिसळतो आणि मला कळतं, आला मे.

परवा प्राजक्ताने तोच द्रोण माझ्यापुढे सरकवला. नवीन लागलेली मुलगी आहे, सव्वीस वर्षांची.

"मॅडम, तुमचं गाव मालवणकडे ना? आम्ही सहा जण जातोय. गाडीने जाऊ, की विमानाने गोव्यात उतरू? आणि ते बोटीचं पण काहीतरी आहे ना?"

मी तिला सगळं सांगितलं. गाडीने जाणार असाल तर उजाडायच्या आत पनवेल सोडा, माणगावला अडकाल. विमान असेल तर मोपाला उतरा, तिथून सावंतवाडी जवळ आहे. समुद्राच्या बाजूने जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून गाडी बोटीत चढवून मांडव्याला उतरा आणि पुढे खाड्या ओलांडत जा, दोन दिवस लागतील पण रस्ता सुंदर आहे. ती मोबाईलवर लिहून घेत होती.

"तुम्ही तिन्ही प्रकारे गेलेल्या आहात?"

"हो. एकाच महिन्यात."

"वॉव, काय लकी हो!"

मी हसले आणि नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये लावल्या. यंत्र घरघरायला लागलं. 'सुंदर' हा शब्द मी सहज वापरला होता. तो रस्ता सुंदर आहे हे मला माहीत होतं, जसं एखाद्या अहवालातला आकडा माहीत असतो तसं. बघितल्याचं आठवत होतं. वाटल्याचं काही आठवत नव्हतं.

दोन वर्षं झाली त्याला.

आबा, माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. पस्तीस वर्षं त्यांनी मुंबई-ठाण्याची माणसं कोकणात नेली आणि परत आणून सोडली. निवृत्त झाल्यावर मालवणजवळच्या आमच्या घराला त्यांनी आणि माझ्या धाकट्या भावाने, नंदूने, मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या. पर्यटक यायला लागले. जिल्हा पर्यटनाचा झाला आणि आमचं घर न्याहारी-निवास झालं. आई सकाळी घावणे घालायची, आबा पाव्हण्यांशी गप्पा मारायचे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. प्रवास कसा झाला हे ते कधी विचारत नसत. "खंयच्या वाटेन इलास?" असं विचारायचे. कुठल्या वाटेने आलात. मग ती वाट कशी चुकीची होती ते समजावून सांगायचे. मलाही तेच विचारायचे. लग्न होऊन डोंबिवलीला आल्याला चोवीस वर्षं झाली होती, पण मी एकदाही बरोबर वाटेने गेले नव्हते.

त्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नंदूचा फोन आला. आबा माडांना पाणी घालता घालता खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. कुडाळच्या एका दवाखान्यात हलवलं होतं.

रेल्वेचं तिकीट मिळणं शक्य नव्हतं. शिरीष, माझा नवरा, कोलशेतच्या एका कंपनीत ड्रॉइंगचं काम करतो. त्याने रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गाडी काढली. मुलगी, मुक्ता, सीईटीचा अभ्यास होता म्हणून शेजारच्या देशपांडे काकूंकडे राहिली. शिळफाट्याला उजाडलं. वडखळपर्यंत बरं गेलं आणि माणगावच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे गाड्या, मागे गाड्या, प्रत्येक गाडीच्या टपावर बॅगा, काचेतून दिसणारी हवेने फुगवायची बदकं, गवती टोप्या. दोन तासांत आम्ही फर्लांगभर सरकलो असू. शिरीष स्टिअरिंगवर बोटं आपटत होता. मी मोबाईलवर आबांचे रिपोर्ट वाचत होते. नंदूने पाठवले होते. सोडियम, क्रिएटिनिन, सीटी स्कॅनवरच्या चार ओळी. रोज मी अशी पानं छापून पाकिटात घालते. ह्या पानावर 'पेशंट' म्हणून आबांचं नाव होतं, एवढाच फरक.

शेजारच्या गाडीतला गृहस्थ काच खाली करून म्हणाला, "काकडी घ्या! गरम होतंय ना?"

मीठ-तिखट लावलेली काकडीची फोड होती. मी घेतली.

"कुठे, तारकर्ली का?"

"मालवण."

"अरे वा, आम्ही पण! पहिल्यांदाच चाललोय. काय काय बघायचं हो?"

मी त्याला सांगायला लागले. किल्ल्यात सकाळी जा, ऊन चढायच्या आत. देवबागला संगम बघा. मासे खायचे तर बंदरावरच्या मोठ्या पाट्या बघून जाऊ नका, आत गल्लीत जा. त्याची बायको पुढे वाकून ऐकत होती. मागच्या सीटवरच्या पोरांनी विचारलं, डॉल्फिन दिसतात का? म्हटलं, दिसतात. शिरीष माझ्याकडे वळून बघत राहिला. त्याला वाटलं असणार, हिला झालंय काय. मलाही कळत नव्हतं. तोंड आपोआप चालत होतं. माझे वडील अंथरुणाला खिळलेत, मी त्यांच्याकडे चाललेय, हे त्या माणसाला सांगितलं असतं तर त्याचा चेहरा पडला असता, पोरं गप्प झाली असती, आणि आम्ही सगळे तसेच तिथेच उभे राहिलो असतो. काकडी मी पूर्ण खाल्ली.

कुडाळला पोहोचायला साडेसात वाजले. आबा खाटेवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. त्यांनी मला ओळखलं. डाव्या हाताची बोटं चादरीवरून फिरली, सरळ, मग वळण, मग परत सरळ. आईला कळेना. नंदू म्हणाला, "पाणी होया काय?" मला कळलं होतं. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "हायवेन इलंय आबा. माणगावाक अडाकलंय." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. चूक.

तीन दिवस राहिले. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, वेळ लागेल. नंदूने आबांना घरी नेलं. पुढच्या आठवड्यात मुक्ताची परीक्षा होती. आई म्हणाली, "जा तू. आता बरे आसत." मी गेले. डोंबिवलीत आल्यावर रोज दोनदा फोन करायचे. आज पेज घेतली. आज उठून बसवलं. नववा दिवस संपत आला होता. संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. एमआयडीसीकडून तो ओळखीचा उग्र वास येत होता, तेव्हा फोन वाजला.

"ताई, आबांक परत झटको इलो," नंदू म्हणाला. "सीरियस आसत. कुडाळाक आणलंव. तू सकाळी ये."

"किती सीरियस?"

"सीरियस आसत," तो पुन्हा म्हणाला. आवाज सपाट होता. मागे कोणीतरी बोलत होतं, मग कोणीच बोलत नव्हतं. "जरा भावोजींका दी."

शिरीष फोन घेऊन आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लॅपटॉप होता. विमानात एक जागा मिळाली, फक्त एक. त्याला यायचं होतं, पण सकाळी मुक्ताचा पेपर होता आणि केंद्र लांब होतं. त्याने माझी बॅग भरली. चोवीस वर्षांत त्याने माझी बॅग कधी भरली नव्हती. दोन साध्या सुती साड्या घातल्या त्याने, माझ्या लक्षात आलं, पण मी काही विचारलं नाही.

विमानात मी पहिल्यांदाच बसत होते. खिडकीची जागा होती. शेजारी नुकतं लग्न झालेलं जोडपं, मुलीच्या हातात कोपरापर्यंत चुडा. तिने मला पट्टा लावून दिला. वर गेल्यावर खाली किनारा दिसायला लागला. पांढरी बारीक कड, मध्येच कापल्यासारखी तुटलेली. जिथे तुटलीय तिथे खाडी. मी मोजायला लागले. ही दाभोळची असेल, ही जयगडची, हे विजयदुर्ग. आबांनी पस्तीस वर्षं जे वळणावळणांनी कापलं ते काचेतून बोटभर दिसत होतं. हवाईसुंदरीने पाणी दिलं. मुलगी नवऱ्याला म्हणाली, "सोनू, देखो ना, कितना ब्लू है!" मीसुद्धा बघितलं. निळं होतं.

उतरल्यावर फोन चालू केला. नंदूचा मेसेज होता. आबा नऊ वीसला गेले.

मी घड्याळ बघितलं आणि हिशेब केला. नऊ वीसला मी हवेत होते. पाण्याचा पेला हातात होता. आबा गेले तेव्हा मी त्यांच्या वर कुठेतरी होते, हा विचार मनात आला आणि तसाच थांबला, पुढे गेला नाही. सरकत्या पट्ट्यावरून बॅगा येत होत्या. माझी आली, मी उचलली.

टॅक्सीवाल्याने गाणी लावली होती. "मॅडम, फस्ट टाइम? बीचवर रूम पाहिजे तर सांगा, आपला दोस्त आहे."

"माका मालवणाक जावचा आसा," मी म्हटलं. "माझे वडील गेले. जरा बिगीन घे."

त्याने गाणी बंद केली. पुढे दोन तास गाडी पळवली. बांद्याला एका ठिकाणी थांबून पाण्याची बाटली आणली आणि माझ्या हातात दिली. घर आलं तेव्हा चपला काढून फाटकाशी थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

घरात माणसं भरलेली. पडवीत आबांना ठेवलं होतं. मागच्या खोल्यांत पुण्याचं एक कुटुंब उतरलेलं, दोन दिवसांपूर्वी आलेलं. ते बिचारे बॅगा भरून कोपऱ्यात उभे होते. जावं तर वाईट दिसतं, थांबावं तर अडचण. आई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिने पहिलं काय विचारलं असेल? "पाव्हण्यांक कोणी चाय दिल्यान काय?" तिचा चेहरा कोरडा होता. पुण्याच्या बाई मग पदर खोचून विहिरीवर गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी आबांजवळ बसले. त्यांचा हात हातात घेतला.

पंचवीस वर्षं मी माणसांच्या हातातून रक्त काढते. कोपर वळवायचं, मूठ आवळायला लावायची, शीर शोधायची. हात उचलायला गेले तर कोपर वळेना. खांद्यापासून बोटांपर्यंत एक लाकूड. अंगाखालची चादर कडेने ओली होती आणि जमिनीवर, पुसायचा राहिलेला, बर्फाच्या पाण्याचा एक ओघळ होता. साडेबारा वाजले होते. तीन तासांपूर्वी गेलेल्या माणसाचा हात असा नसतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मी वर बघितलं. नंदू दाराशी उभा होता. डोळे सुजलेले, कालपासून झोपलेला नसलेला. तो माझ्याकडे बघत होता, आणि बघत नव्हता.

"सकाळी नऊ वीसाक," तो म्हणाला. "डॉक्टरांनी लय प्रयत्न केल्यानी."

"बरं," मी म्हटलं.

बायका रडत होत्या. मला रडू येईना. माझी मावशी, आईची मोठी बहीण, दुसरीच्या कानात म्हणाली, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "चेडू शेरात रवान दगड झाला." पोरगी शहरात राहून दगड झाली. तिचं काही चुकलं नाही. मी आत हात घालून चाचपत होते, काहीतरी लागेल म्हणून. काल संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते तेव्हा आबा गेलेले होते. शिरीषने साड्या भरल्या तेव्हा गेलेले होते. विमानात खाड्या मोजल्या, पेला हातात घेतला, त्या सगळ्याच्या किती आधी गेलेले होते. मग नऊ वीसचं मी काय करायचं? जे एक दुःख मला हातात दिलं होतं, तेही खोटं निघालं होतं. खरं कोणतं, ते कुणी दिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी डोंबिवलीला परतले. लॅबमध्ये गेले. नळ्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. लोक येत, "वाईट झालं" म्हणत, मी "हो ना" म्हणे. जेवणाला चव होती, झोप लागत होती. रात्री मुक्ता येऊन माझ्याजवळ झोपायची आणि मी तिच्या केसांतून हात फिरवायचे, त्या हाताला काही जाणवत नसे. शिरीष घरात पाय न वाजवता फिरायचा. मी त्यालाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं, किंवा खरं.

तेराव्याला जायचं तेव्हा मी म्हटलं, "हायवेने नको."

शिरीषने का म्हणून विचारलं नाही. सकाळी भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीच्या पोटात चढवली. आबा सात-आठ वर्षांचे असताना आपल्या आईबरोबर ह्याच धक्क्यावर आगबोटीने आले होते. सगळी वाट ओकत आले, आणि उतरल्यावर म्हणाले म्हणे, मी परत पाण्यातून जाणार नाही, चाकावरून जाईन. शब्द पाळला त्यांनी. मांडवा, अलिबाग, मुरूड. आगरदांड्याला पहिली फेरीबोट, दिघीला उतरलो. रात्री श्रीवर्धनला राहिलो. दुसऱ्या दिवशी बाणकोटची खाडी, दाभोळची, मग तवसाळहून जयगड. प्रत्येक धक्क्यावर तेच, गाड्यांची रांग, शिट्टी, लोखंडी फळी खडखडत खाली येते, एकेक गाडी आत. पावसाच्या आधीचे दिवस होते. कोळी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारत होते. पाणी गढूळ आणि जड दिसत होतं.

जयगडच्या बोटीत शिरीष गाडीतच बसून राहिला. त्याला बोट लागत होती. मी आणि मुक्ता कठड्याला उभ्या होतो. वाऱ्याने तिचे केस माझ्या तोंडावर येत होते.

"आई," ती म्हणाली, "तुला एक सांगू? तू बाबाला बोलणार नाहीस ना?"

"नाही."

"आजोबा गेले ना, त्याच्या आदल्या दिवशी. मामाचा फोन आलेला संध्याकाळी. नंतर बाबा बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला. मी दाराशी गेलेले. तो रडत होता, आई. मी त्याला कधीच रडताना ऐकलेलं नाही. मला तेव्हाच कळलं." तिने तोंडावरचे केस मागे घेतले. "दुसऱ्या दिवशी पेपर लिहिताना मला सगळं माहीत होतं. तुलाच नव्हतं."

मी मागे वळून गाडीकडे बघितलं. शिरीष सीट मागे करून डोळे मिटून पडला होता, रुमाल तोंडावर. ह्या माणसाने मला विमानतळावर सोडलं तेव्हा दाराशी बॅग माझ्या हातात दिली होती. फक्त म्हणाला होता, "पाणी पी वेळच्या वेळी." मला ह्या सगळ्यांनी काचेचं भांडं न्यावं तसं नेलं होतं, हातोहात. भावाने, नवऱ्याने, सतरा वर्षांच्या मुलीने. आणि मी आतून केव्हाच तडकलेली, फक्त आवाज झाला नव्हता.

"पेपर कसा गेलेला तुझा?" मी विचारलं. हे विचारायचं राहून गेलं होतं.

"बरा," ती म्हणाली आणि माझ्या खांद्याला टेकली. बोट जयगडला लागली.

तेराव्याला दोनशे पानं उठली. आबांच्या डेपोतले जुने ड्रायव्हर-कंडक्टर आले होते, एकमेकांना घाट आणि टायर आठवून देत होते. मावशीने मला बळेच दुसऱ्यांदा खीर वाढली आणि तिथेच उभी राहून डोळे पुसले. तिसऱ्या प्रहरी घर रिकामं झालं. मी मागच्या पायरीवर बसले होते. नंदू आला, एक पायरी सोडून खाली बसला. मुंडण केलेलं डोकं, त्यावर उन्हाने लाली आलेली. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे. मी त्याला कडेवर घेऊन फिरवलंय.

बराच वेळ तो नखाने पायरीवरचं शेवाळ खरवडत बसला.

"ताई, माका तुका सांगूचा हा."

"सांग."

"आबा सकाळी नाय गेले. आदल्या दिसा सांजेक गेले. साडेसहाक." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तू एकटी येतलंस, वाटेत तुका काय झाला तर... म्हणान मी भावोजींका सांगलंय, तुका नको सांगू."

"माका म्हायत होता."

त्याचं बोट थांबलं. "कधीपासून?"

"हात धरलंय तेव्हापासून."

"मगे बोललंस नाय कित्या?"

मी विचार केला. खरंच, का नाही बोलले? "तू एवढा सांभाळून आणलंस माका," मी म्हटलं. "मी बोललंय आसतंय तर तुझा सगळा फुकट गेला आसता."

नंदूने तोंड गुडघ्यात खुपसलं. पाठ हलायला लागली. चाळीस वर्षांचा बाप्या हमसून हमसून रडत होता. मी हात पुढे करून त्याच्या पाठीवर ठेवला. पाठ गरम होती, घामाने सदरा चिकटला होता. हे मला जाणवलं. किती दिवसांनी काहीतरी जाणवलं.

"तुका राग इलो माझो?" तो तसाच म्हणाला.

"नाय रे. माका कायच येईना होता." मी त्याच्या पायरीवर उतरून बसले. "आता सांग. सगळा सांग. सांजेपासून."

त्याने नाक पुसलं. मग सांगायला लागला. साडेचारला आबांनी चहा मागितला, खुणेने. आईने बशीत ओतून दिला. अर्धा प्यायले. मग डावा हात वर करून खिडकीकडे दाखवलं, बाहेर फिरून परतलेली पुण्याच्या पाव्हण्यांची गाडी लागत होती. त्यांना बघून आबा हसले, अर्ध्याच तोंडाने. पाचला मान कलली. गाडीत घालून नेताना आईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कुडाळच्या आधी एका वळणावर त्यांनी तिचा पदर घट्ट धरला, आणि मग धरलेला सोडला.

नंदू सांगत गेला, मी ऐकत गेले. मध्येच तो थांबला की मी म्हणायचे, मग? तो पुढे सांगायचा. आई आतून येऊन आमच्या मागे उभी राहिली, तिने एक-दोन गोष्टी दुरुस्त केल्या. चहा नव्हता, पेज होती. पदर नव्हता, हात होता.

माझ्यापुरते आबा त्या दुपारी गेले.